हात गळ्यात, फोन हातात : न दिसणारी किंमत कोण भरतं?

वैनगंगा
नमस्कार मंडळी. उजव्या दंडाचं हाड मोडलं, प्लेट बसवली आणि सध्या हात झोळीत घालून घरी आहे. दंडाच्या हाडाला लगटून जाणारी नसही दुखावली आहे. त्यामुळे मनगट वर उचलत नाही, हात पुढे केला की पंजा खाली लोंबतो. टाके निघाले, दुखणं बरंच कमी आहे, फिजिओथेरपी चालू आहे. हा धागाही मी बोलून लिहिते आहे. फोनशी मराठीत बोललं की अक्षरं उमटतात, या सोयीचं मोल या दिवसांत फार कळलं.

या सक्तीच्या रजेत वाचन भरपूर झालं आणि एका विषयाने पार धरून ठेवलं. आपल्या हातातल्या या वस्तूंची छापील किमतीपलीकडे आणखी एक किंमत असते, ती कोण भरतं? जगातलं ७० टक्क्यांहून जास्त कोबाल्ट एकट्या काँगोतून निघतं आणि फोनच्या बॅटरीत ते लागतं. तिथल्या कोलवेझी शहराच्या परिसरात मोठ्या यंत्रांच्या खाणी आहेत, तशीच हाताने खणणारी हजारो माणसंही आहेत. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेच्या २०१६ च्या अहवालात मुलांच्या मुलाखती आहेत. कुणी दगड वेचतं, कुणी धुतं, कुणी पाठीवर पोती वाहतं. दिवसाचे १२-१२ तास, मिळकत १ ते २ डॉलर.

माझा हात मोडला तर मला वैद्यकीय रजा मिळाली, शस्त्रक्रिया झाली, बराचसा खर्च विम्यातून सुटला. तिथे भुयारात कुणाचा हात मोडला तर त्याच्या घरची चूल कशी पेटत असेल? हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

मला तुमच्याकडून हे हवंय : असं काही कळल्यावर तुम्ही स्वतः काय बदललंत? फोन, जुन्या वस्तू, ऑनलाइन मागवणं, काहीही. उपदेश नकोत, प्रत्यक्ष केलेलं सांगा. हाताचे अनुभवही चालतील.

आंबोळी
अगं, लवकर बरी हो! माझं उजवं मनगट मोडलं होतं तेव्हाचं सांगते. भाजी चिरणं, वेणी घालणं, डबीचं झाकण उघडणं, सगळंच अडतं. पण सगळ्यात जड गेलं ते सत्यनारायणाच्या प्रसादाला डावा हात पुढे करणं. सासूबाईंनी ते पाहिलं आणि चारचौघांत स्वतःच्या हाताने घास भरवला. तेव्हापासून त्यांच्याशी माझं भांडण झालेलं नाही.
फिजिओवाल्या ताईंनी दाबायला पुट्टी दिली होती. मी घरी कणीक मळायचे. सैल मळायची, मग दर आठवड्याला जरा घट्ट.

हाडाचा_डॉक्टर
वैनगंगाताई, तुमच्या सर्जनने सांगितलंच असेल, तरी इतरांसाठी लिहितो. दंडाचं हाड मधोमध किंवा जरा खाली मोडलं की रेडियल नस दुखावू शकते, हे बरेचदा दिसतं. नस तुटलेली नसेल तर बहुतेक रुग्णांत ती आपणहून सावरते, पण घाई करत नाही. वाढ धरायची तर दिवसाला साधारण १ मिलिमीटर. आधी मनगट वर यायला लागतं, मग बोटं, अंगठा सगळ्यात शेवटी. तोवर मनगट उचलून धरणारा स्प्लिंट वापरा आणि डाव्या हाताने उजवी बोटं, मनगट पूर्ण वर-खाली हलवत राहा. नस परत येईल तेव्हा सांधे आखडलेले असतील तर तिच्या येण्याचा उपयोग नाही.

दोन गोष्टी हात जोडून सांगतो. कोपराजवळच्या दुखापतीला तेल लावून जोरजोरात चोळून घेऊ नका. त्याने स्नायूत हाड धरतं आणि कोपर कायमचं अडकतं. आणि प्लास्टर किंवा हाडवैद्याची पट्टी बांधल्यावर बोटं सुजली, बधिर झाली, बोट सरळ करताना असह्य कळ आली, तर सकाळची वाट पाहायची नाही. ताबडतोब दवाखाना गाठायचा. आवळून बांधलेल्या बांबूच्या कामट्यांमुळे लहान मुलांचे हात कायमचे वाकडे झालेले मी पाहिले आहेत.

बिनधास्त_बाणेर
ताई, आधी शुभेच्छा. पण मूळ मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही. किंमत कुठल्या वस्तूला नसते? साखरेला आहे, कापसाला आहे, घराच्या वाळूला आहे. तंत्रज्ञानालाच वेगळं काढून आरोपीच्या पिंजऱ्यात का उभं करायचं? तुमचं हाड बसवताना ऑपरेशन थिएटरमध्ये सी-आर्म यंत्रावर हाडाची चित्रं बघत स्क्रू बसवले असतील. भूल देणारं यंत्र, मॉनिटर, सगळ्यात चिप आहेत.
आणि उद्या जगाने काँगोचं कोबाल्ट घेणं थांबवलं तर पहिला फटका त्या हाताने खणणाऱ्यालाच बसेल. त्याला दुसरं काम कोण देणार? बहिष्कार घालणं सोपं असतं, पर्याय उभा करणं नसतं.

खारपट्टा
बाणेरकर, बहिष्काराचं ताईंनी कुठे म्हटलंय? धागा पुन्हा वाचा.
मी ऐरोलीत राहतो. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात पूर्वी रसायनांचे कारखाने होते, आता त्या जागी एकामागून एक डेटा सेंटर उभी राहतात. बाहेरून पाहिलं तर खिडक्या नसलेली मोठी पेटी. आत हजारो सर्व्हर आणि त्यांना थंड ठेवणारी यंत्रणा. आमच्या सोसायटीमागच्या एका सेंटरचे डिझेल जनरेटर चाचणीसाठी सुरू करतात तेव्हा घराच्या काचा थरथरतात आणि धुराचा वास दुपारभर राहतो. तक्रार केली. उत्तर आलं, नियमानुसारच आहे.
आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशोबाने २०२४ मध्ये जगभरच्या डेटा सेंटरनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, म्हणजे जगाच्या विजेच्या दीड टक्क्याच्या आसपास. २०३० पर्यंत हा आकडा ९४५ अब्जांच्या घरात जाईल असा त्यांचा अंदाज आहे. ‘क्लाउड’ म्हणतात, पण तो आमच्या गल्लीच्या टोकाला जमिनीवर आहे. त्याला वीज लागते आणि अनेक ठिकाणी थंड ठेवायला भरपूर पाणीही लागतं.

बिनधास्त_बाणेर
@खारपट्टा, मान्य, बहिष्कार हा शब्द माझा. जनरेटरची तक्रार मात्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी द्या, आवाज मोजून मागा. फोनवर मिळालेल्या उत्तरावर थांबू नका.

मोगरा_८१
वाचतेय. आईच्या दोन्ही गुडघ्यांचे सांधे बदलले आहेत. डॉक्टर, त्यातही कोबाल्ट असतं म्हणतात, खरं का? हे वाचल्यापासून आई चालताना माझं लक्ष तिच्या गुडघ्यांकडे जातंय.

हाडाचा_डॉक्टर
हो. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याचा मांडीच्या हाडावर बसणारा भाग बहुतेक वेळा कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूचा असतो. फारसा झिजत नाही, सहसा गंजत नाही, म्हणून तो निवडतात. दंडाच्या प्लेट मात्र स्टेनलेस स्टीलच्या किंवा टायटॅनियमच्या. सांध्यांना लागणारं कोबाल्ट बॅटऱ्यांच्या मानाने फारच थोडं आहे आणि तो सांधा १५-२० वर्षं किंवा त्याहून जास्त काम करतो. आईंना खुशाल चालू द्या. हेच कोबाल्ट आपण फोनमध्ये घालतो आणि तीन वर्षांत खणात टाकून देतो, मला खुपतं ते हे.

लॅमिंग्टन
डॉक्टर साहेब, शेवटचं वाक्य माझ्या मनातलं. माझं आयुष्य मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दुरुस्तीत गेलं. व्हॉल्वच्या रेडिओपासून सुरुवात केली, नंतर टेप, टीव्ही, मग मोबाइल. पूर्वी रेडिओच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत सर्किटचा नकाशा चिकटवलेला असायचा. कंपनी गृहीतच धरायची की हा कधीतरी उघडला जाणार.

आता फोनची बॅटरी गोंदाने चिकटवलेली असते. मागची काच गरम पट्टीवर ठेवून गोंद मऊ करायचा, पातळ प्लास्टिकची पात कडेने सरकवत न्यायची, आतली केबल तुटू द्यायची नाही, मग बॅटरी हळूहळू सोडवायची. धातूचं काही लावलं आणि बॅटरीला भोक पडलं तर पेटते. या सगळ्याला चांगला कारागीर अर्धा-पाऊण तास घेतो. गिऱ्हाईक म्हणतं, एवढे पैसे? त्यापेक्षा एक्स्चेंजमध्ये नवा घेतो.
फोन संथ झाला, लवकर उतरतो, एवढीच तक्रार असेल तर निम्म्याहून जास्त वेळा रोग बॅटरीत असतो. बदला, अजून दोन-तीन वर्षं चालतो. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र दाबू नका, चार्ज करू नका, ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत चेपली की आग लागते आणि भाजतो तो कचरा गोळा करणारा.

उनाड_वारा
काका, सलाम. मी नेदरलँड्समध्ये आइंडहोवेनला असतो. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नवीन फोनसाठी नियम लागू झाले. मॉडेलची विक्री थांबल्यावरही ७ वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत, सॉफ्टवेअरचे अपडेट किमान ५ वर्षं, ८०० वेळा चार्ज केल्यावरही बॅटरीत ८० टक्के ताकद उरली पाहिजे. खोक्यावरच्या लेबलवर फोन किती दुरुस्त होण्याजोगा आहे याची श्रेणी छापावी लागते. दुकानात मी आता कॅमेऱ्याच्या आधी ती श्रेणी बघतो.
फोनच्या कार्बनचा मोठा भाग तो बनतानाच खर्च झालेला असतो, चार्जिंगचा वाटा त्या मानाने लहान. त्यामुळे आहे तोच फोन जास्त वर्षं वापरणं हाच सगळ्यात मोठा उपाय.

आंबोळी
भारतात असं काही आहे का?

उनाड_वारा
ग्राहक मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केलं. कंपन्यांची दुरुस्तीची माहिती, सुटे भाग, वॉरंटी तिथे एकत्र बघता येते. युरोपसारखी सक्ती मात्र त्यात नाही. ग्राहकांनी मागणी लावून धरायला हवी.

कडूलिंब
मी जरा जवळची किंमत सांगतो. माझा भाचा पुण्यात घरपोच सामान देण्याचं काम करतो. पावसात गाडी घसरली, हात टेकवायला गेला आणि डावं मनगट मोडलं. ऑर्डर पोचवून परतताना पडला, म्हणून विमा लागू नाही असं त्याला सांगण्यात आलं. कोणती कंपनी ते लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. प्लास्टर असताना कमाई शून्य आणि गाडीचा हप्ता चालूच. प्लास्टर निघाल्यावर व्यायाम करायला हवा होता, पण तिसऱ्या दिवशी तो गाडीवर होता. आज त्याची मूठ नीट वळत नाही.

नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात २०२०-२१ मध्ये देशात असे सुट्या कामाचे, म्हणजे ‘गिग’, ७७ लाख कामगार होते, २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असं म्हटलंय. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये झाली, लागू व्हायला २१ नोव्हेंबर २०२५ उजाडलं. तिच्यात अशी कामं देणाऱ्या अ‍ॅपच्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांच्या निधीत भरायची तरतूद आहे. म्हणून ज्यांच्या घरी हे मुलगे येतात त्यांनी त्यांना ई-श्रम या कामगारांच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी केलीत का एवढं तरी विचारा. आमच्या भाच्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मोगरा_८१
कडूलिंबदादा, वाचून पोटात तुटलं. भाच्याची मूठ आता तरी दाखवा कुणाला तरी.

हाडाचा_डॉक्टर
@कडूलिंब, अजून उशीर झालेला नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात फिजिओथेरपी विभाग असतो, खर्च नाममात्र. ससूनला अस्थिरोग ओपीडीत दाखवून तिथून पाठवून घ्या. कोमट पाण्यात हात ठेवून मूठ वळवणं आज रात्रीपासूनच सुरू करा. आणि आंबोळीताईंची कणीक उत्तम औषध आहे.

खडीसाखर
एक शंका. पुरुषांचे हात मोडल्यावर डॉक्टर कणीक मळायचा व्यायाम का सांगत नाहीत?

हाडाचा_डॉक्टर
मी सांगतो! एक सेवानिवृत्त फौजदार माझ्या सांगण्यावरून कणीक मळायला लागले आणि आता भाकरी थापतात. त्यांच्या सौ. दिवाळीला मला फराळाचा डबा पाठवतात.

रानजाई
वैनगंगाताई, तुम्ही बोलून लिहिता म्हटलंत त्यावरून लिहिते. यंत्राला मराठी ऐकू यायला आधी माणसांनी तासन्‌तास मराठी बोलून द्यावं लागतं. मी पालघर जिल्ह्यात काम करते. इथल्या आमले नावाच्या आदिवासी गावातल्या लोकांनी आणि मुंबईतल्या एका वस्तीतल्या लोकांनी साध्या स्मार्टफोनवर मराठी वाक्यं वाचून ध्वनिमुद्रणं दिली होती. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळुरूच्या संशोधकांचा तो प्रकल्प, त्याचा शोधनिबंध २०२० मध्ये आला. कमी उत्पन्नाच्या लोकांना असं काम सन्मानाने देता येईल का, हेच त्यांना पाहायचं होतं. त्यातूनच पुढे ‘कार्या’ ही संस्था उभी राहिली. ती तासाला सुमारे ५ डॉलर देते आणि तोच आवाज पुन्हा विकला गेला तर बोलणाऱ्याला परत हिस्सा देते.

याच्या शेजारी नैरोबी ठेवा. ‘टाइम’ नियतकालिकाने जानेवारी २०२३ मध्ये छापलं की चॅटजीपीटीला घाण मजकूर ओळखता यावा म्हणून केनियातली माणसं दिवसभर बलात्कार, हत्या, मुलांवरचे अत्याचार यांची वर्णनं वाचून त्यांवर खुणा करत होती. त्यांच्या हाती पडत होते तासाला १.३२ ते २ डॉलर. तिथल्या कामगारांनी सांगितलं की ती वर्णनं त्यांच्या झोपेत येत.
दोन्हीकडे काम एकाच जातीचं, यंत्राला शिकवण्याचं. एकीकडे ५ डॉलर आणि वर हिस्सा देऊनही संस्था चालते. म्हणजे कमी पैसे देणं हा निसर्गनियम नाही, कुणीतरी बसून घेतलेला निर्णय आहे. बाणेरकरांच्या ‘किंमत सगळ्यालाच असते’ला माझं हे उत्तर.

बिनधास्त_बाणेर
@रानजाई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. निर्णयाचा मुद्दा पटला. काँगोबद्दलही आता तेच म्हणेन. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांच्या सरकारने कोबाल्टची निर्यात थांबवली आणि ऑक्टोबरपासून कोटा लावला, भाव सुधारला. त्या वाढीव भावातला वाटा खणणाऱ्यापर्यंत पोचतो का, ते पाहायला हवं. वीजगाड्यांत आता कोबाल्ट नसलेल्या लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्या मोठ्या प्रमाणावर येत आहेत, माझ्या स्कूटरमध्ये तीच आहे. पर्याय निघतो आहे, पण तो खाणकामगाराला वगळून निघू नये.

खारपट्टा
वा! या संस्थळावर कुणाचं मत बदललेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. धागा जपून ठेवा.

लॅमिंग्टन
थोडं कचऱ्याचंही लिहितो, कारण तो कुणाच्या डोळ्यांपुढे नसतो. २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला २२ टक्क्यांच्या आसपासच रीतसर गोळा झाल्याची नोंद आहे. आपल्याकडचा असा रीतसर गोळा न झालेला बराचसा कचरा दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत जातो. सर्किट बोर्ड शेगडीवर तापवून चिप सोडवतात, शिशाचा धूर सरळ नाकात. तांब्यासाठी वायर जाळतात, सोन्यासाठी अ‍ॅसिडमध्ये हात घालतात. धंद्यानिमित्त मी तिथे गेलो होतो. एका बाईच्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या, अ‍ॅसिडने त्वचा गुळगुळीत झाली होती. आधारच्या यंत्रावर अंगठा उमटत नाही म्हणून रेशनला अडचण येते, असं ती सांगत होती. आपल्या कपाटातला जुना फोन अशा हातांत जाऊ नये म्हणून तो नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच द्या. भंगारवाला ५० रुपये जास्त देतो म्हणून त्याला देऊ नका.

मोगरा_८१
पण काका, भंगारवाल्याचंही पोट आहे ना त्यावर?

लॅमिंग्टन
आहे, आणि म्हणूनच त्याला बाहेर काढून प्रश्न सुटत नाही. गोळा करण्यात त्याच्यासारखा वाकबगार कुणी नाही. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आहे, त्या बायका घरातून ई-कचरा गोळा करून पुढे योग्य ठिकाणी पोचवतात. गोळा त्यांनी करावं, फोडणं-वितळवणं कारखान्यात व्हावं. तुमच्या गावात असं कुणी असेल तर त्यांनाच द्या.

वैनगंगा
सगळ्यांचे आभार. विचारलं होतं एक आणि हाती त्याहून कितीतरी जास्त लागलं. माझ्याकडून सांगते. नवा फोन घ्यायचं ठरत होतं, ते रद्द करून याचीच बॅटरी बदलून घेतली. लॅमिंग्टनकाकांनी लिहिलंय तसंच त्या मुलाने केलं, मी शेजारी बसून पाहिलं आणि सांगितलेले पैसे घासाघीस न करता दिले. घरात सापडलेले जुने फोन, चार्जर, एक मेलेला टॅब, सगळं वेगळं काढून ठेवलंय. कडूलिंबदादा, सामान घेऊन येणाऱ्या मुलाला ई-श्रमबद्दल विचारलं, त्याला खरोखरच माहीत नव्हतं. जिन्यात उभं राहून त्याच्या फोनवरच नोंदणी सुरू करून दिली.
हाताचं म्हणाल तर मनगट जरासं वर यायला लागलंय. बोटं अजून नाहीत.
डॉक्टर, एक विचारायचं राहिलं. ही प्लेट पुढे काढली तर तिचं काय होतं? मला घरी देतात का?

हाडाचा_डॉक्टर
मनगट हलतंय म्हणजे नस कामाला लागली, फार आनंद झाला! व्यायाम कमी करू नका. मोठ्यांच्या दंडाची प्लेट त्रास देत नसेल तर सहसा काढतच नाहीत, कारण काढताना तीच नस पुन्हा दुखावण्याची भीती असते. काढलीच तर जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे शरीरातून काढलेले धातूचे भाग निळ्या खुणेच्या डब्यात जातात, निर्जंतुक होतात आणि मग धातू म्हणून पुनर्चक्रणाला. रुग्णालयाला त्याची नोंद ठेवावी लागते.

रानजाई
अशी नोंद फोनचीही ठेवायला लावली पाहिजे. कंपन्यांनी किती विकले आणि किती परत घेतले, हे मॉडेलवार जाहीर व्हावं. ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांत उत्पादकांवर पुनर्चक्रणाची जबाबदारी आहेच, तिचा हिशोब लोकांना सहज दिसेल असा हवा. ग्राहक मंत्रालय आणि पर्यावरण मंत्रालयाला पाठवायचं निवेदन लिहिते आहे, मसुदा उद्या इथेच टाकते. लॅमिंग्टनकाका, दुरुस्तीचा परिच्छेद तुम्ही लिहाल का?

लॅमिंग्टन
लिहितो. रात्री जेवण झालं की बसतो.